काळ्या मातीवरचा रस्ता: खान्देशात चुना, राख आणि सिमेंट मिसळून पाया कसा घट्ट करावा

मे महिन्यात काळ्या मातीची ताकद मोजू नका. नोकरीच्या सुरुवातीला मी मोजली होती. तापीकाठच्या एका गावरस्त्यावर कोन पेनेट्रोमीटरचा ८ किलोचा हातोडा आपटत होतो आणि कोन जमिनीत जायला तयारच नव्हता. आकडे बघून मी खूश. मुरूम किती, खडी किती, सगळं त्या आकड्यांवर बेतलं. ऑगस्टात केळीने भरलेले ट्रक त्या रस्त्यावरून निघाले आणि चाकोरीत डांबरासकट पाया खाली गेला. बांधावर उभे असलेले एक आप्पा म्हणाले, "आठे रस्ता दर साल बठी जास, भाऊ." म्हणजे इथे रस्ता दर वर्षी खचतो. त्यांना दर साल दिसत होतं ते माझ्या उन्हाळी आकड्यांत कुठेच नव्हतं.

गावरस्ता, शिवरस्ता किंवा शेतरस्ता काळ्या मातीवरून न्यायचा आहे, चांगला मुरूम लांबून आणावा लागतो आणि आहे तीच माती सुधारून वापरायची आहे, अशांसाठी हे लिहितो आहे. पंचायतीचे सदस्य, छोटे ठेकेदार, नवे अभियंते यांना उपयोगी पडावं. मुरमाची खाण चार-पाच किलोमीटरवर असेल तर या भानगडीत पडू नका. काळी माती खोदून काढा, मुरूम भरा, मोकळे व्हा. साक्रीकडच्या माळावर कुणी चुना मिसळायला सांगितला तर मी आधी कारण विचारेन. रावेर, यावल, चोपडा, शहादा या पट्ट्यात मात्र काळी जमीन खोल आहे, मुरूम दूर आहे आणि केळी-उसाची जड वाहतूक बारमाही आहे. तिथे हे गणित जमतं.

माती आधी ओळखा

आपली काळी माती बेसाल्टच्या, म्हणजे काळ्या दगडाच्या झिजेतून आलेली. तिच्यात माँटमोरिलोनाइट नावाचं खनिज असतं. त्याचे थर पुस्तकाच्या पानांसारखे एकावर एक, आणि पानांच्या मधे पाणी शिरतं. शिरलं की माती फुगते, निघालं की आकसते आणि शेतात हात जाईल एवढी भेग पडते. कपाशीला ही माती मानवते, पण रस्त्याला नाही. चार दिवस पाण्यात भिजवलेल्या काळ्या मातीचा सीबीआर, म्हणजे भार पेलण्याच्या ताकदीचा आकडा, बहुतेक वेळा २-३ टक्क्यांच्या पुढे जात नाही.

खान्देशात सगळीकडे ही एकच माती नाही, आणि घोळ इथूनच सुरू होतो. तापीच्या काठाला घळी पडलेल्या भागात पिवळसर गाळमाती लागते, तिच्यात चुनखडीचे खडे असतात. सातपुड्याच्या पायथ्याशी वाळू-गोटे मिसळलेली माती. गावठाणाजवळ पांढरी. एकाच तीन किलोमीटरच्या रस्त्यावर यातल्या दोन-तीन भेटू शकतात. म्हणून किलोमीटरला किमान तीन नमुने घ्या आणि जिथे रंग बदलेल तिथे आणखी एक. वरचा मुळ्या-काडीकचऱ्याचा थर बाजूला सारून अर्धा मीटर खोलीपर्यंतची माती काढा. सगळ्या चाचण्या व्हायच्या तर एका नमुन्याला ५० किलोचं पोतं भरून न्या. पिशवीभर माती नेली तर प्रयोगशाळावाले परत पाठवतात, आणि त्यांचं बरोबर आहे.

एक चाचणी घरीही होते. भट्टीत सुकवून बारीक चाळलेली (४२५ मायक्रॉनची चाळणी) १० ग्रॅम माती १०० मिलीच्या दोन काचनळ्यांत घाला. एकीत शुद्ध पाणी, दुसरीत रॉकेल. ढवळून हवेचे बुडबुडे घालवा आणि २४ तास ठेवा. रॉकेलमध्ये माती फुगत नाही. पाण्यातल्या मातीची उंची रॉकेलमधल्यापेक्षा जितकी जास्त, तो फरक रॉकेलच्या आकड्याने भागून शंभराने गुणायचा. रॉकेलमध्ये १० मिली आणि पाण्यात १८ मिली भरली, तर मुक्त फुगवटा ८० टक्के. ५० च्या वर गेला की ती माती आहे तशी सबग्रेडला, म्हणजे रस्त्याच्या तळाच्या मातीच्या थराला, वापरायची नाही.

प्रयोगशाळेकडून हे मागा: चाळणी विश्लेषण, द्रव मर्यादा आणि प्लॅस्टिसिटी इंडेक्स (माती किती चिकट याचे आकडे), प्रॉक्टर (किती पाण्याला माती सगळ्यात घट्ट दबते ते), चार दिवस भिजवलेला सीबीआर, सल्फेट आणि सेंद्रिय द्रव्य. शेवटच्या दोन्हींना बहुतेक जण फाटा देतात. सेंद्रिय द्रव्य २ टक्क्यांच्या वर असेल तर चुना-सिमेंटची प्रक्रिया अडते. सल्फेट ०.२ टक्क्यांच्या वर असेल तर त्याहून वाईट: चुना आणि सल्फेट मिळून नवे स्फटिक तयार होतात, ते पाणी ओढून फुगतात आणि पक्का झालेला थर वर उचलला जातो. म्हणजे औषधच बाधतं. चोपण, म्हणजे खारवट जमिनीत आणि सांडपाण्याच्या नाल्याकाठी ही तपासणी टाळू नका.

काय मिसळायचं

प्लॅस्टिसिटी इंडेक्स १० च्या वर आणि माती चिकट असेल तर चुना. काळ्या मातीला पहिलं औषध हेच. चुना दोन टप्प्यांत काम करतो. पहिल्या काही तासांत चुन्यातलं कॅल्शियम मातीच्या कणांना चिकटतं, कण एकमेकांना धरून गुठळ्या होतात आणि हाताला चिकटणारी माती रवाळ, भुसभुशीत होते. हे डोळ्यांनी दिसतं. दुसरा टप्पा महिनोन्महिने चालतो. चुन्याच्या तीव्र क्षारतेत मातीतलं सिलिका आणि अ‍ॅल्युमिना विरघळतं आणि सिमेंटसारखा बांधणारा पदार्थ तयार होतो. याला ऊब लागते, आणि उन्हाची आपल्याकडे काय कमी! फक्त धुळ्याच्या जानेवारीतल्या कडाक्यात पारा १० अंशांखाली उतरतो तेव्हा ही क्रिया मंदावते.

गाळमाती, वाळूमिश्रित माती, कमी चिकट माती असेल तर सिमेंट. सिमेंट स्वतःच बांधतं, मातीतल्या चिकणीवर अवलंबून राहत नाही. पण निव्वळ काळ्या मातीत सिमेंट ओतणं म्हणजे पैसा मातीत घालणं, कारण ती चिकट ढेकळं सिमेंटला आत शिरू देत नाहीत. तिथे सिमेंट हवंच असेल तर आधी २-३ टक्के चुना घालून माती मोकळी करा, मग सिमेंट.

आणि राख. भुसावळजवळ दीपनगरचं औष्णिक वीज केंद्र आहे, त्यामुळे जळगाव जिल्ह्याला राख जवळ पडते. आपल्या दगडी कोळशाच्या राखेत चुना कमी असतो, म्हणून ती एकटी बांधत नाही. चुन्याबरोबर घाला. चुना १ भाग, राख ३ ते ४ भाग, असं प्रमाण धरून चाचण्या सुरू करा, उदाहरणार्थ ३ टक्के चुना आणि १२ टक्के राख. कोरडी, सायलोतली राख घ्या. राख बंधाऱ्यातली ओली राख भरावाला चालते, पण रासायनिक कामाला ती मंद असते आणि तिच्यातल्या पाण्याचा हिशेब लागत नाही.

बाजारात बाटल्यांतले द्रव येतात. लिटरभरात शंभर मीटर रस्ता दगडासारखा होईल, असं सांगणारे विक्रेते मला दरवर्षी भेटतात. मी एकच म्हणतो: आमच्या मातीवर, आमच्या प्रयोगशाळेत, चार दिवस भिजवून सीबीआर दाखवा. बरेच जण परत येत नाहीत. जे येतात त्यांचं ऐकावं.

एक गैरसमज इथेच मोडून काढतो. "आमच्या मातीत चुनखडी आहे, वेगळा चुना कशाला?" चुनखडी म्हणजे कॅल्शियम कार्बोनेट. ती मेलेला चुना आहे, मातीशी काहीही करत नाही. आपल्याला हवा कळीचा चुना किंवा विरवलेला चुना. दगडाची पांढरी भुकटी चुना म्हणून विकली जाते. तिच्यावर पातळ केलेल्या आम्लाचे थेंब टाका. जोरात फसफसली तर ती भुकटी आहे. चांगला विरवलेला चुना फारसा फसफसत नाही. पक्की खात्री प्रयोगशाळेतून करा, कॅल्शियम ऑक्साइड ७० टक्क्यांच्या खाली नको. गोण्या फळ्यांवर, छपराखाली, झाकून ठेवा. उघड्यावर पडलेला चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड ओढून पुन्हा चुनखडी होतो.

किती मिसळायचं

अंदाजाने नाही. चाळलेल्या कोरड्या मातीचे २५-२५ ग्रॅमचे पाच-सहा भाग प्लॅस्टिकच्या बाटल्यांत घ्या. त्यांत २, ३, ४, ५, ६ टक्के चुना घाला, प्रत्येकीत १०० मिली शुद्ध पाणी. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट हलवा. तासाभराने पीएच, म्हणजे क्षारतेचा आकडा, मोजा. ज्या सर्वांत कमी प्रमाणाला पीएच १२.४ ला पोचतो, तिथून सुरुवात करा. म्हणजे मातीने आपली भूक भागवून घेतली आणि पुढच्या प्रक्रियेला चुना उरला. ही अमेरिकेतल्या ईड्स आणि ग्रिम यांची १९६६ सालची पद्धत, आजही तिच्याइतकी स्वस्त दुसरी नाही. यावरून फक्त सुरुवातीचा आकडा कळतो. त्या प्रमाणाला, आणि एक टक्का वर-खाली, असे नमुने दाबून, ओलसर ठेवून, मग चार दिवस भिजवून सीबीआर काढा. प्रयोगशाळेत २ टक्के पुरले तरी साइटवर ३ टक्क्यांच्या खाली जाऊ नका, कारण शेतातल्या मिसळणीत प्रयोगशाळेतली बारकाई येत नाही.

आता गोण्यांचा हिशेब. धरा १०० मीटर लांबी, ६ मीटर रुंदी, दाबून झाल्यावर १५ सेंटीमीटर जाडी, म्हणजे ९० घनमीटर. चुना मिसळलेल्या मातीची कमाल शुष्क घनता (घट्ट दाबलेल्या कोरड्या मातीचं वजन) घनमीटरला १.५५ टन धरली तर माती झाली १३९.५ टन. ४ टक्के चुना म्हणजे ५.५८ टन, २५ किलोच्या २२४ गोण्या. चौरस मीटरला ९.३ किलो पडतो, म्हणजे एक गोणी सुमारे २.७ चौरस मीटरची. गोण्यांच्या तीन रांगा दोन-दोन मीटरवर मारा आणि रांगेत दर १.३४ मीटरला एक गोणी ठेवा. हे अंतर काठीवर खूण करून मजुरांच्या हातात द्या, टक्केवारी सांगत बसू नका. ज्या चुन्याने चाचणी केली तोच वापरायचा आहे. ट्रक बदलला, भट्टी बदलली, तर चाचणी पुन्हा.

काम कधी आणि कसं

फेब्रुवारी ते एप्रिल. कपाशीची शेवटची वेचणी आणि हरभरा निघून शेतं मोकळी असतात, बाजूने वाहतूक वळवता येते. एप्रिलअखेर थर संपवा. पावसाच्या आधी त्याला किमान महिनाभर पक्का व्हायला मिळाला पाहिजे. जूनच्या तोंडावर घाईने केलेलं चुन्याचं काम मी वाचलेलं पाहिलेलं नाही.

सगळ्यात अवघड काम ढेकळं फोडण्याचं. इंडियन रोड्स काँग्रेसने या एकाच गोष्टीवर, काळी माती चुन्यासाठी कशी बारीक करावी यावर, १९७३ मध्ये वेगळी पुस्तिका काढली, यावरून काय ते समजा. चुन्यासाठी सगळी माती २६.५ मिलिमीटरच्या चाळणीतून आणि निदान ६० टक्के ५.६ मिलिमीटरच्या चाळणीतून गेली पाहिजे. सिमेंटसाठी ६० ऐवजी ८० टक्के. एका रस्त्यावर आम्ही ही पायरी उरकून टाकली होती. महिन्याने खड्डा घेऊन पाहिलं तर आत राखेत लोळवलेल्या बटाट्यांसारखी ढेकळं: बाहेरून पांढरी, फोडली की आत कोरी काळी माती. चुना बिलात पूर्ण होता, मातीला लागलेला नव्हता.

ढेकूळ फोडायची वेळ शेतकऱ्याला विचारा. वाफसा आल्यावरच वखर चालतो, हे त्याला ठाऊक आहे. कडक वाळलेली काळी माती रोटाव्हेटरखाली दगडासारखी उडते आणि ओली असली तर पात्याला गुंडाळते. म्हणून आदल्या संध्याकाळी नांगरून, हलकं पाणी मारून रात्रभर मुरू द्या. सकाळी कल्टिव्हेटरचे दोन हात, मग रोटाव्हेटर. ट्रॅक्टरचा रोटाव्हेटर १५ सेंटीमीटरच्या खाली नीट मिसळत नाही. ३० सेंटीमीटर जाडी हवी असेल तर वरची माती बाजूला ओढून दोन थरांत करा. "एकाच वेळी खोलवर मारू" म्हणणाऱ्याचं ऐकू नका.

फार चिकट माती असेल तर चुना दोन हप्त्यांत द्या. निम्मा आज मिसळा, पाणी मारा, रोलर हलकाच फिरवून थर बंद करा आणि एक-दोन दिवस ठेवा. माती स्वतःच भुसभुशीत होते. मग उरलेला निम्मा घालून पुन्हा मिसळा. दोन दिवस जास्त जातात, पण डिझेल वाचतं आणि ढेकूळ उरत नाही.

चुना पहाटेच पसरा. दुपारच्या झळांबरोबर वारा सुटला की निम्मा चुना शेजारच्या शेतात आणि मजुरांच्या डोळ्यांत जातो. चष्मा, हातमोजे, पूर्ण बाह्यांचे कपडे, पायांत बूट, यात तडजोड नको. चुना डोळ्यात गेला तर चोळू न देता लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने पंधरा-वीस मिनिटं धुवत राहा आणि थेट दवाखाना गाठा. पाण्याची घागर आणि गाडी साइटवर असलीच पाहिजे. कळीचा चुना वापरत असाल तर दुप्पट सावध राहा, तो पाणी लागताच उकळतो.

पसरला किती हे तपासायला अर्धा मीटर बाय अर्धा मीटरचा पत्र्याचा ट्रे रस्त्यावर ठेवा. वरच्या हिशेबात त्यात २.३ किलोच्या आसपास चुना पडला पाहिजे. मिसळून झाल्यावर खड्डा घेऊन त्याच्या भिंतीवर फिनॉल्फथॅलिनचे थेंब टाका. चुना पोचला तिथे माती गुलाबी होते, न पोचलेली तशीच राहते. शाळेच्या प्रयोगशाळेतली ही बाटली काही रुपयांत मिळते आणि ठेकेदाराशी होणारे निम्मे वाद मिटवते.

आता पाणी आणि दबाई. चुना मिसळल्यावर मातीला पाणी जास्त लागतं आणि तिची कमाल घनता कमी होते. म्हणून कोऱ्या मातीचा प्रॉक्टर इथे चालत नाही, मिसळलेल्या मातीचा वेगळा काढावा लागतो. तपासायला आलेले काही साहेब जुन्या आकड्याला घनता मिळत नाही म्हणून थर नापास करतात. दोन्ही आलेख खिशात ठेवा. एप्रिलच्या उन्हात उडणारं पाणी धरून दोन टक्के जास्त मारा. मातीची मूठ वळली पाहिजे, हात ओला व्हायला नको. आधी पायाळ (खुरांसारख्या खुंट्यांचा) रोलर, वर गुळगुळीत व्हायब्रेटरी. ओलावा दिल्यापासून चुन्याच्या थराची दबाई तीन तासांत, सिमेंटच्या थराची दोन तासांत संपली पाहिजे. उन्हाळ्यात त्याहून लवकर. सिमेंट सुटू लागल्यावर रोलर फिरवणं म्हणजे धरलेला सांधा मोडणं. तेव्हा दिवसाला जितकं दाबून होईल तितकंच उघडा. एका वेळी २०० मीटर नांगरून ठेवून संध्याकाळी ७० मीटर दाबणं ही नेहमीची चूक.

मग सात दिवस ओलावा. दिवसातून चार वेळा हलकं शिंपण. टँकरची धार सोडली तर वरचा चुना धुऊन जातो. टँकर नियमित येण्याची खात्री नसेल तर पुढच्या थराचा मुरूम दहा सेंटीमीटर पसरून ओला ठेवा, ते जास्त भरवशाचं. या सात दिवसांत एकही ट्रॅक्टर नको. पाटी कुणी वाचत नाही, दोन्ही टोकांना बाभळीच्या फांद्या आडव्या टाका.

बाजूचं पाणी

चुना घातला म्हणून गटार नको, असं होत नाही. केळीच्या पट्ट्यात तर रस्त्याला बारमाही पावसाळा असतो: पाटाचं पाणी आणि ठिबकची फुटलेली नळी साईडपट्टीखालून पायात मुरते. दोन्ही बाजूंना चर हवा, त्याचा तळ सुधारलेल्या थराच्या खाली हवा आणि त्याला पुढे नाल्यापर्यंत उतार हवा. शेतात जायला चर बुजवून टाकलेला प्रत्येक मातीचा भराव म्हणजे एक छोटं धरण. तिथे पाइप टाकून द्या, त्याचा खर्च अंदाजपत्रकात आधीच धरा. सुधारलेला थर डांबराच्या कडेपेक्षा दोन्हीकडे निदान अर्धा मीटर बाहेर जाऊ द्या, कारण काळी माती आकसते ती कडेकडून, आणि लांबच्या लांब भेग तिथेच पडते. रस्त्याला खेटून मोठी बाभूळ किंवा निंब असेल तर तिच्या मुळ्या उन्हाळ्यात पाणी ओढून तीच भेग रुंद करतात.

माती फारच फुगणारी आणि वाहतूक जड असेल, तर १५ सेंटीमीटर चुन्यावर सगळी भिस्त ठेवू नका. खालच्या काळ्या मातीवर न फुगणाऱ्या चिकण मातीचा ०.६ ते १ मीटर थर टाकण्याची शिफारस आहे. खर्चिक आहे, पण उसाच्या जड ट्रॉल्यांच्या रस्त्याला मी तेच सुचवतो.

पास-नापास

घनता वाळू ओतण्याच्या पद्धतीने काढा. ती ठरलेल्या आकड्याच्या ९७-९८ टक्के भरली पाहिजे. थराची जाडी खड्डा खणून मोजा. सात दिवसांनी कोन पेनेट्रोमीटर लावा, पण शेजारी न सुधारलेल्या मातीचा एक तुकडा भरपूर भिजवून त्यावरही लावा आणि दोन्ही आकडे शेजारी-शेजारी लिहून ठेवा. पुढे श्रावणात, सलग चार दिवस पाऊस झाल्यावर, त्याच खुणेवर पुन्हा जा. गमबूट घाला, हातोडा खांद्यावर टाका, आणि बांधावर कुणी आप्पा उभे असतील तर आधी त्यांना विचारा, चाकोरी कुठे पडते.